मनुष्य निर्लोम कसा झाला?

भरताच्या नाट्यशास्त्रांत आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय अशी ती यादी असून संस्कृत काव्यनाटकांची थोडीबहुत गोडी असलेल्या घरांत ती पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. यांतील दुसरा व तिसरा भाव, म्हणजे घाम सुटणें आणि अंगावर कांटा उभा राहणें, हे एकमेकांशेजारी बसविण्यांत भरतमुनींची दृष्टि केवळ रसशास्त्राची होती. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास या दोन शब्दांच्या शेजारांत मनुष्यजातीच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण दडलेलें आहे. रोमांच हा आपल्या पूर्वजांच्या अंगावरील दाट लोंकरीचा शेवटचा अवशेष होय. आणि ती लोंकर देऊन आपण जें कांहीं मिळविलें, त्याचें नांव स्वेद.

रोमांच म्हणजे काय हें प्रथम पाहूं. कुत्रें अंगावर आलें कीं मांजर पाठीची कमान करतें आणि त्याचें शेपूट फुलून दुप्पट जाड दिसूं लागतें. केंसाच्या मुळाशीं एक अतिसूक्ष्म स्नायु असतो. तो आखडला कीं केंस ताठ उभा राहतो. त्यायोगें प्राणी शत्रूला मोठा दिसतो, आणि थंडीच्या दिवसांत केंसांमध्यें हवा कोंडली जाऊन अंगाची ऊब टिकते. हाच स्नायु आपल्याहि त्वचेंत आहे. थंडी वाजली, भय वाटलें किंवा गवयाची एखादी तान काळजाला भिडली, कीं तो इमानेंइतबारें आखडतो. पण ज्याला उभें करावयाचें तें दाट आवरणच तेथें नसतें. वाडा जळून गेला तरी देवडीवरच्या पहारेकऱ्यानें वेळच्या वेळीं उठून मुजरा करीत रहावें, अशांतला हा प्रकार आहे.

दुसरा पुरावा बाळंतिणीच्या खोलींत मिळतो. गर्भाच्या पांचव्या-सहाव्या महिन्यांत त्याच्या सर्वांगावर मऊ, बारीक लव उगवते आणि बहुधा जन्मापूर्वींच ती झडून जाते. दिवस पुरे होण्याआधीं जन्मलेल्या मुलाच्या खांद्यांवर व पाठीवर ती स्पष्ट दिसते. डाळीचें पीठ व साय लावून अंग चोळल्यामुळेंच ती गेली, असें घरांतील आजीबाई मानतात. वास्तविक ती आपोआपच जावयाची असते. जिचा पुढें कांहींच उपयोग नाहीं अशी लव अंगावर चढवावयाची आणि पुन्हां उतरवावयाची, हा खटाटोप आपले पूर्वज केंसाळ होते असें मानल्यावांचून उलगडत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण अक्षरशः निर्लोम नाहीं. चिंपांझी वानर व मनुष्य यांच्या त्वचेवरील केंसांचीं मुळें मोजलीं तर त्यांची दाटी जवळजवळ सारखीच भरते. मुळें गेलीं नाहींत. त्यांतून उगवणारा केंस मात्र आखूड, बारीक व फिकट झाला. २०२२ सालीं ६२ सस्तन प्राण्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तींतहि असेंच दिसून आलें कीं, अंगभर केंस उगविण्याची मूळ सामुग्री आपल्यापाशीं अद्याप आहे. तिला कामास लावणारी व्यवस्था तेवढी ढिली पडली आहे. तेव्हां खरा प्रश्न असा, कीं ही ढिलाई निसर्गानें चालूं कां दिली? ज्या लोंकरीनें पाऊस, थंडी व ऊन यांपासून रक्षण होतें, ती गमावण्यांत प्राण्याचा लाभ तो कोणता?

हा प्रश्न डार्विनचा समकालीन व नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचा सहसंशोधक वॉलेस यानें १८७० सालीं मोठ्या आग्रहानें मांडला. उघड्या अंगानें राहणारे वनवासी लोकहि पाठीवर कातडें पांघरतात. म्हणजे पाठीवरची लोंकर गेल्याची उणीव त्यांनाहि भासते. मग जें उपयोगी तें टिकतें व निरुपयोगी तें जातें, या नियमानें ही गोष्ट घडली असें कसें म्हणावें? वॉलेसनें अखेर यामागें एका श्रेष्ठ बुद्धीची योजना असली पाहिजे, असें अनुमान काढलें. डार्विनला हें पटण्यासारखें नव्हतें. मनुष्याच्या उत्पत्तीवरील आपल्या १८७१ सालच्या ग्रंथांत त्यानें जें उत्तर दिलें, तें एका परीनें स्वयंवराचें उत्तर होतें. जोडीदार निवडतांना कमी केंसाळ अंग अधिक आवडूं लागलें, आणि ही आवड पिढ्यान्‌पिढ्या चालत राहून लोंकर उतरत गेली, असें त्याचें म्हणणें. स्त्रियांच्या अंगावर पुरुषांहून केंस कमी असतात, हें त्यानें आपल्या मतास आधार म्हणून दाखविलें. परंतु ही आवड मुळांत उपजली कां, या प्रश्नास यांत उत्तर नाहीं. आणि बाकीच्या कोणत्याहि वानरजातीस ती कां उपजूं नये, यासहि नाहीं.

तिसरें मत टॉमस बेल्ट या इंग्रज इंजिनियरचें. मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत खाणीवर नोकरी करीत असतां त्यानें तेथील निसर्गाचें बारकाईनें निरीक्षण केलें, आणि १८७४ सालच्या आपल्या पुस्तकांत असें सुचविलें कीं, उष्ण प्रदेशांत केंसाळ प्राण्यास गोचिडा, पिसवा व उवा यांचा जो त्रास होतो, त्यापासून सुटका हाच निर्लोमत्वाचा लाभ होय. पेजेल व बॉडमर या दोघां शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं या मतास नवें रूप दिलें. मनुष्य एका ठिकाणीं वस्ती करून राहूं लागल्यावर अंथरुणांतील कीटक वाढले. पण विस्तव व पांघरूण त्याच्या हातीं असल्यानें लोंकर टाकणें त्यास परवडलें, असें ते म्हणतात. शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या केंसांतून फणी फिरविणाऱ्या कोणत्याहि आईस यांतील मर्म समजावून सांगावयास नको. अडचण इतकीच, कीं पांघरुणाचा हिशेब जमत नाहीं. डोक्यांतील ऊ आणि कपड्यांत राहणारी ऊ या दोन जाती एकमेकींपासून केव्हां निराळ्या झाल्या, याचें गणित २०११ सालीं मांडण्यांत आलें. त्यावरून मनुष्य वस्त्रें वापरूं लागल्यास सुमारें १ लाख ७० हजार वर्षें झालीं असावींत. लोंकर मात्र त्याच्या पुष्कळ आधीं गेली होती, हें आपण पुढें पाहणार आहोंत. मधला प्रचंड काळ मनुष्यानें उघड्या अंगानेंच काढला, तेव्हां लाभहि उघड्या अंगाचाच शोधला पाहिजे.

चौथ्या मतानें सामान्य वाचकांत सर्वांत अधिक कुतूहल उत्पन्न केलें. सर ॲलिस्टर हार्डी या समुद्रजीवशास्त्रज्ञानें १९६० सालीं असें सुचविलें कीं, आपले पूर्वज कांहीं काळ समुद्रकिनाऱ्यावर, पाण्यांत पोहत व शिंपले वेंचीत राहिले असावेत, आणि देवमाशाप्रमाणें त्यांचेहि केंस पाण्यामुळें गेले असावेत. एलेन मॉर्गन या लेखिकेनें १९७२ पासून या कल्पनेचा हिरीरीनें पुरस्कार केला. कल्पना मनोहर आहे. परंतु तिला साक्षीदार मिळत नाहींत. आपल्या नद्यांतील पाणमांजर जन्मभर पाण्यांत पोहतें, तरी त्याची लोंकर दाट असते. याउलट म्हशीच्या अंगावर केंस विरळ असतात आणि ती दुपारभर डोहांत डुंबते हें खरें. पण म्हैस पाण्यांत बसते ती तिला घाम पुरेसा येत नाहीं म्हणून, उकाडा सोसवत नाहीं म्हणून. पाणी शोधावयास लावणारी वस्तु येथें उष्णता आहे. म्हैस आपणांस पाण्याकडे नेत नसून उन्हाकडे बोट दाखविते, आणि आजच्या बहुतेक शास्त्रज्ञांचा कलहि त्याच दिशेनें आहे.

तें पांचवें मत समजण्यास पुण्याच्या उन्हाळ्याइतकी सोईची जागा नाहीं. एप्रिल महिन्यांत येथील पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत चढतो. मुंबईंत तो बहुधा ३३-३४ च्या घरांत असतो. असें असूनहि पुणेकर मुंबईस गेला कीं दोन दिवसांत त्याचा जीव नकोसा होतो. याचें कारण हवेंतील ओलावा. आपल्या त्वचेची उष्णता साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून तापली म्हणजे अंगांतील उष्णता बाहेर जाण्याचे बाकीचे मार्ग बंद होतात. उरतो तो एकच, घामाच्या बाष्पीभवनाचा. कोरड्या हवेंत घाम येतांयेतांच उडून जातो व अंग गार पडतें. दमट हवेंत तो नुसता गळतो. गळालेल्या घामानें कपडे भिजतात, पण अंग निवत नाहीं. माठांतील पाणी पुण्यांत थंडगार होतें आणि मुंबईंत तितकें होत नाहीं, याचें कारण हेंच. मनुष्याची त्वचा हा एक जिवंत माठ आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या माठाची शक्ति किती आहे पहा. आपल्या त्वचेंत पाण्यासारखा पातळ घाम स्रवणारे २० ते ४० लक्ष पिंड आहेत. चिंपांझीच्या त्वचेंतहि ते असतात, परंतु त्यांची दाटी आपल्या सुमारें एक-दशांश आहे. कष्टाचें काम करतांना मनुष्याच्या अंगांतून तासाला एक लिटर किंवा त्याहूनहि अधिक घाम निघूं शकतो. एक लिटर घाम पूर्णपणें उडून जातांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बंबांतील सात लिटर साधें पाणी उकळीस आणावयास साधारण इतकीच उष्णता लागते. ती अंगांतच कोंडून राहिली, तर ६० किलो वजनाच्या मनुष्याचें तपमान दहा अंशांहून अधिक वाढेल. आणि मेंदूस तर चार-पांच अंशांची वाढदेखील सोसत नाहीं. आतां हाच माठ जाड घोंगडींत गुंडाळून ठेवला तर काय होईल? घोंगडी बाहेरून ओली होईल आणि गारवाहि बाहेरच राहील. घाम त्वचेवरच उडावयाचा तर त्वचा उघडीच पाहिजे. लोंकर आणि घाम हीं दोन एकत्र सुखानें नांदत नाहींत.

पीटर व्हीलर या इंग्रज शास्त्रज्ञानें १९८४ पासूनच्या आपल्या लेखांत या विचाराची नीट मांडणी केली. आफ्रिकेंतील अरण्यें विरळ होऊन गवताळ माळ पसरले. फळांची झाडें दूरदूर पडलीं. अन्नासाठीं भर दुपारीं, जेव्हां सिंह-बिबट्यांसारखीं श्वापदें सावलींत पहुडलेलीं असतात त्या वेळीं, लांबवर चालणें भाग पडलें. दोन पायांवर उभ्या असलेल्या प्राण्यावर माथ्यावरचें ऊन चार पायांवरच्या प्राण्याहून पुष्कळ कमी पडतें. ज्या भागावर तें थेट पडतें, तेथें, म्हणजे डोक्यावर, केंस राहिले. बाकीचें अंग घामासाठीं मोकळें झालें. २०२३ सालीं एका तापविलेल्या पुतळ्यावर निरनिराळे टोप चढवून जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत डोक्यावरील केंस उन्हाची उष्णता अडवितात, आणि दाट कुरळे केंस सर्वांत अधिक अडवितात, असें सिद्ध झालें.

दूर आफ्रिकेच्या माळावरील ही गोष्ट आपल्या वाटेवर दरवर्षीं पहावयास मिळते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यांतील मुक्काम आटोपून सासवडची वाट धरते. तो टप्पा तीस किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यांत दिवेघाटाची चढण आहे. पाऊस लांबला असेल तर ऊनहि रणरणतें असतें. त्या उन्हांत साठी उलटलेल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन घाट चढतात, आणि वाटेवरचें कुत्रें सावलीला जीभ बाहेर काढून धापा टाकीत पडलेलें असतें. कुत्र्यास गारवा मिळतो तो मुख्यतः धापांनीं. आणि धापा टाकणें व नेटानें धांवणें हीं दोन कामें फार वेळ बरोबर चालत नाहींत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत मानववंशशास्त्र शिकविणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांनीं ही वारी पायीं केली आणि तिच्यावर लिहिलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. चालणें हा मनुष्याचा केवळ भक्तिमार्ग नव्हे. तो त्याचा जातिधर्म आहे, आणि त्याची त्वचा त्या धर्मास साजेशी घडलेली आहे.

या मतावर आक्षेप नाहींत असें मात्र नाहीं. घोड्याच्या अंगावर केंस असतात, आणि तरीहि त्याला भरपूर घाम येतो. परंतु त्याचे केंस आखूड असतात, आणि त्याच्या घामांत साबणासारखा फेंस करणारें एक द्रव्य असतें, त्यामुळें घाम केंसांतून पसरून वर येतो. धांवत्या घोड्याच्या अंगावर फेंस दिसतो तो हाच. म्हणजे निसर्गाला हा प्रश्न दुसऱ्या रीतीनेंहि सोडवितां येतो. आपल्या वाट्यास लोंकर टाकण्याची रीत आली, इतकेंच. दुसरा आक्षेप असा, कीं घामाच्या दृष्टीनें स्त्रीपुरुषांत अंगावरील केंसांचा फरक पडण्याचें कारण नव्हतें. येथें डार्विनचें मत पुन्हां उपयोगी पडतें. उन्हानें लोंकर उतरविण्यास आरंभ केला, आणि आवडीनें तें काम पुढें नेलें. उवा-गोचिडांचा त्रास कमी झाला तो वरकड लाभ. असें या मतांचें परस्परांशीं जुळतें करून घेतां येतें. मात्र मूळ प्रेरणा कोणती, याचा कौल आज तरी घामाच्या बाजूनें आहे.

निसर्गाच्या व्यवहारांत कोणतीहि गोष्ट फुकट मिळत नाहीं. लोंकर गेली तिची किंमत प्रथम आईनें दिली. लालतोंड्या माकडिणीचें पिलूं तिच्या पोटाच्या केंसांस घट्ट धरून लोंबकळतें, आणि ती दोन्ही हात मोकळे ठेवून या फांदीवरून त्या फांदीवर जाते. आपल्या तान्ह्या मुलाच्या तळहातावर बोट ठेवलें कीं तेंहि मूठ घट्ट आवळतें. पण धरावयास कांहीं उरलेलें नाहीं. त्याला हातांवरच घेतलें पाहिजे, कांखेस मारलें पाहिजे, पाठीशीं बांधलें पाहिजे. आणि एकट्या आईस तें सर्वकाळ जमत नाहीं म्हणून आजी, मावशी, मोठी बहीण असे दुसरे हात पुढें व्हावे लागतात.

दुसरी किंमत उघड्या त्वचेनें दिली, आणि तिचा आपल्या घरांतील एका जुन्या दुखण्याशीं फार जवळचा संबंध आहे. चिंपांझीच्या केंसांखालील त्वचा फिकट असते. आपल्या पूर्वजांचीहि तशीच असली पाहिजे. लोंकर गेल्यावर विषुववृत्तावरील प्रखर ऊन थेट त्या फिकट त्वचेवर पडूं लागलें. सूर्याचे अतिनील किरण केवळ कातडी भाजून थांबत नाहींत. ते रक्तांतील फोलेट नांवाच्या जीवनसत्त्वाचा नाश करतात. गर्भवती स्त्रीस डॉक्टर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात, तें हेंच द्रव्य. तें कमी पडलें तर गर्भाच्या मज्जारज्जूंत व्यंग राहूं शकतें. हें संकट टाळण्यासाठींच त्वचा काळी झाली, असें मत जॅब्लॉन्स्की व चॅप्लिन यांनीं २००० सालीं मांडलें. त्वचेच्या वर्णाशीं संबंध असलेल्या एका जनुकाच्या अभ्यासावरून ॲलन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं असा हिशेब केला, कीं मनुष्याचा वर्ण काळा होऊन निदान १२ लाख वर्षें लोटलीं; म्हणजे लोंकर त्यापूर्वींच गेली होती. केनियांत तुर्काना सरोवराजवळ १९८४ सालीं सांपडलेला सुमारें १५ लाख वर्षांपूर्वींच्या मुलाचा सांगाडाहि लांब पायांचा, सडपातळ, उन्हांत दूरवर चालणाऱ्या मनुष्याचाच आहे.

आपल्या पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांस ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ फार प्राचीन दगडी हत्यारें सांपडलीं. त्या राखेच्या वयाविषयीं पाऊण लाखापासून १४ लाख वर्षांपर्यंत निरनिराळीं मतें आहेत. परंतु त्यांतील कोणतेंहि मत धरलें, तरी कुकडीच्या कांठीं बसून तो दगड घडविणारा मनुष्य उघड्या अंगाचा आणि काळ्या वर्णाचाच होता, असें अनुमान करावें लागतें. गोरा वर्ण ही फार अलीकडची गोष्ट आहे. उत्तरेकडील मंद सूर्यप्रकाशांत ड जीवनसत्त्व तयार होण्यास फिकट त्वचा सोईची पडते, म्हणून ती तिकडे पसरली. आणि तीहि सावकाश. स्पेनमध्यें सांपडलेल्या ७००० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याची जनुकें २०१४ सालीं वाचण्यांत आलीं, तों त्याचे डोळे निळे व कातडी काळसर असल्याचें दिसून आलें.

आतां आपल्या दिवाणखान्यांत येऊं. मुलगी पहावयास पाहुणे आले आहेत. तिचें शिक्षण, स्वभाव, सुगरणपण सर्व पसंत आहे. आणि चार दिवसांनीं 'रंग थोडा सांवळा आहे' एवढाच निरोप येतो. ज्या घरांत विठोबाचें सांवळें रूप देवघरांत पुजलें जातें, जेथें राम व कृष्ण दोघेहि मेघश्याम म्हणून आळविले जातात आणि द्रौपदीचें नांवच कृष्णा होतें हें पुराणांतून ऐकलेलें असतें, त्याच घरांतून हा निरोप जातो. २०२० सालीं एका प्रसिद्ध मलमाच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढून टाकण्यांत आला. आपल्या मनांतून तो अद्याप गेलेला नाहीं. मुलीनें मात्र तो निरोप ऐकल्यावर आरशासमोर उभें राहून आपल्या अंगांत काय उणें आहे तें शोधावयाचें!

तिला सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. लोंकर उतरल्यावर मनुष्यजातीनें जें पहिलें वस्त्र अंगावर घेतलें, तें हा सांवळा रंग होय. कापसाचें सूत निघण्यापूर्वीं, कातडें पांघरण्यापूर्वीं, लक्षावधि वर्षें त्यानेंच आईचें आणि तिच्या पोटांतील गर्भाचें उन्हापासून रक्षण केलें. तो रंग नसता तर आज पसंत-नापसंत ठरवावयास बसलेल्या मंडळींचा वंशच कदाचित् येथवर पोंचला नसता. डार्विननें ज्या निवडीवर भर दिला, ती निवड करण्याचा अधिकार मनुष्यास आहे, आणि तो कोणी काढून घ्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या गुणानें आपल्या कुळास तारलें, त्यालाच दोष म्हणून मोजावयाचें असेल, तर निदान ती मोजणी अज्ञानाची आहे, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांनीं मनाशीं कबूल केलें पाहिजे. पुढच्या वेळीं निरोप लिहावयास बसतांना त्यांच्या कपाळावर थोडा घाम आला, तर तो त्या जुन्या इतिहासाचाच समजावा.